उंदीर चालला, माणूस केव्हा?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वर्षा-दोन वर्षांनी एक छोटी बातमी हमखास येते. पाठीच्या कण्याला इजा होऊन मागचे पाय लुळे पडलेले उंदीर एका नव्या औषधानं पुन्हा चालू लागले. परदेशातल्या शास्त्रज्ञांचा शोध. माणसांनाही लवकरच फायदा. बहुतेक वाचक ती वाचून पान उलटतात. पण ज्या घरात कुणी नारळाच्या झाडावरून, बांधकामाच्या परातीवरून किंवा मोटारसायकलवरून पडून अंथरुणाला खिळलेलं असतं, त्या घरात ती बातमी कापून ठेवली जाते. डॉक्टरांकडे जाताना कात्रण खिशात असतं. "साहेब, हे औषध आपल्याकडे कधी येणार? एखादा एकर विकावा लागला तरी चालेल," असं विचारलं जातं.

सांगली-मिरजेच्या परिसराला हा प्रश्न नवा नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून या भागात दूरदूरचे, अगदी कर्नाटकातलेही रुग्ण येतात. विश्रामबागेतून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुग्णवाहिकेचा आवाज कुणाला नवा नाही. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर मज्जारज्जूच्या इजेची दोन मोठी कारणं दिसतात : उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसं अशी इजा घेऊन जगत आहेत. म्हणून त्या कात्रणातल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं नाही.

करंगळीएवढी केबल

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून खाली येणारा मज्जातंतूंचा जुडगा. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. जाडी साधारण करंगळीएवढी. वजन अवघं तीस-पस्तीस ग्रॅम. त्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. हात हलवायचा हुकूम वरून खाली जातो, पायाला काटा टोचल्याची खबर खालून वर जाते. टेलिफोनच्या जाड केबलमध्ये हजारो तारा असाव्यात तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथली प्रत्येक तार जिवंत आहे. ती एका चेतापेशीचा लांबवर गेलेला हात आहे.

मणका मोडून या केबलवर दाब आला की तारा तुटतात. पण तार जिच्यातून निघाली ती पेशी पुष्कळदा वर जिवंतच राहते. मग ती तुटलेला हात पुन्हा का वाढवत नाही? प्रश्न रास्त आहे, कारण शरीरात इतरत्र असं घडतं. कोयता लागून हाताची नस तुटली आणि सर्जननं ती नीट शिवली, तर तंतू पुन्हा वाढतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. बधिर बोटात काही महिन्यांनी मुंग्या येऊ लागतात त्या यामुळेच. मज्जारज्जूत मात्र हे होत नाही. विसाव्या शतकातले स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे बारकाईनं पाहिलं होतं. तुटलेले तंतू थोडी धडपड करतात आणि थांबतात, असं त्यांना दिसलं. पुढची कित्येक दशकं वैद्यकानं हा शेवटचा शब्द मानला.

कोंबडीच्या अंड्यांतून निघालेला शोध

या विषयाला वेगळं वळण दिलं ते रिटा लेवी-माँटाल्चिनी या इटालियन बाईंनी. त्या ज्यू होत्या. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठात काम करता येईना. तेव्हा त्यांनी तुरिनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. कोंबडीची अंडी आणायची आणि त्यांतल्या वाढत्या पिलाच्या नसा पाहायच्या, असं काम युद्धाच्या काळातही चालू राहिलं. पुढे १९४७ मध्ये त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. उंदराच्या गाठीचा तुकडा अंड्यातल्या पिलाला जोडला, की पिलाच्या नसा त्या गाठीच्या दिशेनं बेफाम वाढायच्या. १९५२ मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या बशीत गाठीशेजारी चेतापेशी ठेवून पाहिल्या. एका दिवसात पेशींभोवती तंतूंची प्रभावळ उभी राहिली.

गाठीतून काहीतरी झिरपत होतं, ज्यानं नसा वाढत होत्या. ते 'काहीतरी' वेगळं काढण्याचं काम स्टॅनली कोहेन या रसायनशास्त्रज्ञानं केलं. गंमत अशी, की या कामात एक पायरी म्हणून सापाचं विष वापरलं, तर विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. मग उंदराच्या लाळग्रंथीतही सापडला. तो एक प्रथिन होता. त्याला नाव मिळालं 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर'. मराठीत आपण वृद्धिघटक म्हणू. १९८६ चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं. दरम्यान १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून असाच दुसरा घटक मिळाला, आणि पुढे त्यांचं अख्खं कुटुंबच उजेडात आलं. कुठला घटक वेदना वाहणाऱ्या नसांना पोसतो, कुठला हालचालीच्या.

वृद्धिघटक म्हणजे खत नव्हे. तो हुकूम आहे. ठरावीक पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी कुलूप असतं, त्यात ही किल्ली बसली की आतून 'जग' आणि 'वाढ' असा निरोप जातो. द्राक्ष बागायतदारांना हे पटकन कळेल. तासगाव-पलूसकडे द्राक्षघडांना 'जीए' देतात तेही वाढीचं संप्रेरकच. चिमूटभर पावडर, पण कुठल्या अवस्थेत आणि किती प्रमाणात द्यायची यावर सगळा हंगाम. वेळ चुकली तर घड बिघडतो. शिवाय जीए कितीही चांगलं असो, वेलीला मांडव आणि तार नसेल तर ती जमिनीवर पसरेल. ही मांडवाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूल बांधला, पण पलीकडे उतरेनात

शरीरात इतरत्र नस वाढते आणि मज्जारज्जूत वाढत नाही, तर दोष तंतूचा की जागेचा? माँट्रियलमध्ये अल्बर्ट आगुआयो यांच्या गटानं १९८१ मध्ये याचा निकाल लावला. त्यांनी उंदराच्या पायातली नस काढून मज्जारज्जूला पुलासारखी जोडली. न वाढणारे म्हणून बदनाम झालेले तंतू त्या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. म्हणजे तंतूत जीव होता. जागाच वाईट होती. पण पुलाच्या दुसऱ्या टोकाला मज्जारज्जूत पुन्हा शिरताना ते एक-दोन मिलिमीटरवर थबकले.

जागा वाईट का, तेही हळूहळू कळलं. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन श्वाब यांनी दाखवलं, की मज्जारज्जूतल्या तंतूंच्या वेष्टणातच 'इथे वाढू नका' असं सांगणारे पदार्थ असतात. त्यांना अडवणारी प्रतिपिंडं दिल्यावर १९९० मध्ये उंदरांत तंतू पुढे सरकले. जखमेच्या जागी तयार होणारा व्रणही रस्ता अडवतो. त्यातला चिकट भाग विरघळवणारं एक एन्झाइम २००२ मध्ये उंदरांत उपयोगी ठरलं. म्हणजे बांध फोडायचा आणि पाणीही सोडायचं, अशी दोन्ही कामं होती.

वृद्धिघटकांचे प्रयोग याच काळात जोरात चालू होते. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांचा मज्जारज्जू पूर्ण कापून मधे नसांचे बारीक पूल बसवले आणि वृद्धिघटक मिसळलेल्या डिंकानं ते चिकटवले. उंदरांच्या मागच्या पायांत काही हालचाल आली. जगभर बातम्या झाल्या. अमेरिकेत दुसऱ्या गटांनी त्वचेच्या पेशींत जनुक घालून त्यांना वृद्धिघटकाचे छोटे कारखाने बनवलं आणि जखमेत ठेवलं. तंतू धावत आले. पण इथे एक नवीच पंचाईत झाली. जिथे घटक भरपूर तिथे तंतू पोहोचले आणि तिथेच ठाण मांडून बसले. गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तसे. पुढे जायचं, जुना पत्ता शोधायचा, हे त्यांच्या गावीही नाही.

दुसरी अडचण त्याहून वाईट. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर वेदना वाहणाऱ्या नसांनाही वाढवतो. तो ओतला तर चुकीच्या नसा फोफावतात आणि जनावराला साध्या स्पर्शानंही वेदना होऊ लागतात. म्हणजे चालणं नाही ते नाहीच, वर जन्माची ठणक. शिवाय ही प्रथिनं रक्तातून मज्जारज्जूत सहज शिरत नाहीत आणि फार काळ टिकतही नाहीत. म्हणून पंप, जनुकवाहक विषाणू, जेल असे उपाय शोधावे लागतात. 'एक इंजेक्शन टोचलं आणि माणूस उठला' असं चित्र ज्यांच्या मनात आहे, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

सगळ्यात शिकवण देणारी दोन कामं अलीकडची आहेत. अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं २०१८ मध्ये तीन गोष्टी एकत्र केल्या : पेशींची वाढीची शक्ती जागी केली, जखमेतली जमीन तयार केली आणि पलीकडे वृद्धिघटकाचं आमिष ठेवलं. तंतू पूर्ण तुटलेली जागा ओलांडून गेले. विजेचे संदेशही पलीकडे पोहोचले. आणि उंदीर? उंदीर चालले नाहीत. तंतू वाढले होते, पण योग्य घरी पोहोचले नव्हते. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. चालण्यासाठी नेमक्या कुठल्या पेशी लागतात ते आधी शोधलं आणि त्यांचे तंतू त्यांच्या मूळ ठिकाणापर्यंत आमिष दाखवत नेले. तेव्हा उंदीर चालू लागले. मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेले उंदीर आपोआप जितके सुधारतात, साधारण तितके. इथे आपला मांडव आठवा. वाढ महत्त्वाची आहेच, पण वाढीला दिशा हवी, आणि दिशेला नेमका पत्ता हवा. चाळीस वर्षांच्या संशोधनाचं सार या एका वाक्यात आहे.

उंदराचे पाय, माणसाचे पाय

मग २०२३ नंतर माणूस का चालत नाही? पहिलं कारण अंतर. उंदराच्या मज्जारज्जूत काही मिलिमीटर ओलांडले की काम होतं. माणसात कित्येक सेंटिमीटर जायचं असतं. दुसरं, उंदीर चार पायांवर चालतो आणि त्याच्या चालण्याचा बराचसा कारभार मज्जारज्जूतली खालची जाळीच सांभाळतात. दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला मेंदूचा हात अधिक लागतो. तिसरं, प्रयोगशाळेत इजा मोजूनमापून केली जाते. कधी धारदार पात्यानं, कधी ठरावीक वजन पाडून. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाचा मज्जारज्जू चेचलेला असतो आणि प्रत्येकाची इजा वेगळी. चौथं, प्रयोगात उपचार बहुतेक वेळा इजेच्या आसपासच सुरू होतात. कात्रण घेऊन येणाऱ्या माणसाची इजा दोन-चार वर्षं जुनी असते.

'चालला' या शब्दातही गोम आहे. उंदराची चाल मोजायला १९९५ पासून २१ गुणांचं एक कोष्टक जगभर वापरतात. सांधा जरा हलला तरी गुण, पंजा टेकला तरी गुण. आठाचे अकरा झाले तर शास्त्रज्ञाला आनंद होतो आणि व्हायलाच हवा. बातमीत मात्र त्याचं 'चालू लागला' होतं. शिवाय अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं पैसे देऊन काही नावाजलेले प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळांत पुन्हा करून घेतले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांना पहिल्यासारखं यश आलं नाही. ही लबाडी नव्हे. विज्ञान स्वतःची झडती घेतं ती अशी.

माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. जपानमध्ये केयो विद्यापीठाच्या गटानं यकृतपेशींच्या नावानं ओळखला जाणारा एक वृद्धिघटक आधी उंदरांत, २०११ मध्ये मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांत आणि मग मानेला ताजी इजा झालेल्या रुग्णांत वापरून पाहिला. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचणीत औषध सुरक्षित वाटलं, सुधारणेची थोडी चिन्हंही दिसली. इलाज सापडला असं म्हणण्याइतकी नव्हेत. श्वाब यांच्या कामातून निघालेल्या प्रतिपिंडाची युरोपात शंभराहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर खोट्या औषधाच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. ज्यांची इजा अर्धवट होती त्यांच्यात मात्र आशेला जागा दिसली. १९९० चा उंदीर आणि या चाचणीचा निकाल यांच्यात तीस वर्षांहून अधिक काळ गेला. 'लवकरच' या शब्दाचं माप हे असं आहे.

एकर विकण्याआधी

दरम्यान बाजार थांबलेला नाही. मूळ पेशी, वृद्धिघटक अशा नावांखाली लाखो रुपये घेऊन इंजेक्शनं देणाऱ्या जाहिराती घरोघरी पोहोचतात. याबाबत भारतातला नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ पेशींचा मान्य उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही आजारांपुरताच आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. खऱ्या चाचणीची ओळखही सोपी आहे. तिची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे. तिला नैतिकता समितीची परवानगी असते. रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी माहिती देऊन संमती घेतली जाते. आणि ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून मागितले जात नाहीत. 'प्रयोग आहे, पण आठ लाख भरा' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठावं.

हे सांगताना आशा मोडण्याचा हेतू नाही. ज्या उंदरांवर हे प्रयोग झाले त्यांचंही ऋण आहेच, आणि आपल्याकडे असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत, समितीच्या परवानगीनंच करावे लागतात. ज्ञान पुढे चाललं आहे. पण आशा एका खिशात आणि आजची काळजी दुसऱ्या खिशात, अशी वाटणी करायला हवी. आशेच्या खर्चापायी काळजीचा खिसा रिकामा झाला, तर औषध येईल त्या दिवशी ते घ्यायला रुग्णच उरायचा नाही.

नस न जुळताही

ही अतिशयोक्ती नव्हे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक दगावले. पुष्कळसे पाठीच्या जखमा चिघळून आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथे वेगळा विभाग उघडला. नवं औषध काही नव्हतं. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, कातडी रोज तपासायची, लघवीची नळी स्वच्छ हातांनी हाताळायची, हात बळकट करायचे आणि माणसाला कामाला, खेळाला लावायचं. मरणाची रांग थांबली. १९४८ मध्ये त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिथूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. मज्जारज्जूच्या इजेतली आजवरची सर्वांत मोठी क्रांती एकही नस न जुळता झाली आहे.

तिचं फळ आपल्या जिल्ह्यानंही पाहिलं. वाळवा तालुक्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. एक गोळी मणक्यापाशीच राहिली. उपचारांचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण घर, दुकान, शाळा, नोकरी हे पुष्कळांना जमू शकतं. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी जे शिकवतात त्यातलं पुष्कळसं घरीही करता येतं : दोन तासांनी कूस बदलणं, टाचा-माकडहाड-नितंब रोज आरशात पाहणं, खुर्चीत बसल्यावर अधूनमधून हातांवर अंग उचलणं, नळीआधी साबणानं हात धुणं, सांधे आखडू न देणं. लघवी गढूळ झाली, ताप आला किंवा कातडी लाल दिसली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.

आणि एक गोष्ट अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या आपल्या प्रत्येकासाठी. उंचावरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये, बसतं करू नये, रिक्षात कोंबू नये. १०८ ला फोन करावा. हलवणं भागच असेल, तर तीन-चार जणांनी डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं एकदम फळीवर घ्यावं. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात. अर्धवट तुटलेल्या केबलमधल्या उरलेल्या तारा त्यामुळे वाचू शकतात. आणि चाचण्यांनी दाखवलं तेही हेच आहे, की उद्याचं औषध आलं तर सगळ्यात आधी अशा वाचलेल्या तारांनाच उपयोगी पडण्याची शक्यता अधिक.

*(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)*